ऐकू येतो, पण दिसत नाही: ॲमेझॉनच्या पिहा पक्ष्याचा अभ्यास कसा करावा

घनदाट जंगल दाखवायचे असले की चित्रपटात आणि जाहिरातीत एक ठरावीक आवाज हमखास वाजतो. आधी दोन चढत्या शिट्ट्या आणि मग हवेत चाबूक ओढल्यासारखा लांब, धारदार सूर. पडद्यावरचे जंगल आफ्रिकेतले असो, आशियातले असो वा निव्वळ स्टुडिओत उभे केलेले असो, आवाज अनेकदा याच एका पक्ष्याचा असतो आणि हा पक्षी दक्षिण अमेरिकेबाहेर कुठेही आढळत नाही. इंग्रजीतले त्याचे नाव 'स्क्रीमिंग पिहा', म्हणजे किंचाळणारा पिहा. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याला ऐकलेले असते. तो कोण, कुठला, कशासाठी ओरडतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सह्याद्रीत किंवा घराजवळच्या टेकडीवर पक्षी पाहायला जाणाऱ्या, दुर्बीण हाताळण्याची सवय असलेल्या आणि कधीतरी ॲमेझॉनच्या वर्षावनात जाण्याची इच्छा बाळगणाऱ्या वाचकासाठी हा लेख लिहिला आहे. घरी बसून करायच्या तयारीपासून जंगलात पिहाचा माग काढणे, त्याच्या वागणुकीच्या नोंदी ठेवणे आणि त्याचा आवाज नीट ध्वनिमुद्रित करणे इथपर्यंतचे टप्पे यात क्रमाने दिले आहेत. प्रवास शक्य नसेल त्यांनाही पहिले दोन टप्पे घरी पूर्ण करता येतील.

पहिला टप्पा: आवाज आधी कानात बसवा

आपल्याकडचे पक्षीनिरीक्षण बहुधा डोळ्यांनी सुरू होते आणि कान नंतर मदतीला येतात. पिहाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. वर्षावनात झाडांच्या छतामुळे सूर्यप्रकाशाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग जमिनीपर्यंत पोहोचतो आणि त्या अंधुक उजेडात एक करडा पक्षी करड्या फांदीवर निश्चल बसलेला असतो. तो नुसत्या नजरेने सापडणे हा निव्वळ योगायोग ठरेल. म्हणून निघण्यापूर्वी किमान दोन-तीन आठवडे रोज थोडा वेळ त्याचा आवाज ऐकावा.

यासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे 'झेनो-कँटो' हे जगभरच्या पक्ष्यांच्या आवाजांचे मुक्त संकेतस्थळ. ते २००५ मध्ये सुरू झाले आणि सुरुवातीला त्याचा भर मध्य व दक्षिण अमेरिकेतील पक्ष्यांवरच होता, त्यामुळे पिहाची भरपूर ध्वनिमुद्रणे तिथे सापडतात. शोधताना 'लिपॉगस व्होसिफेरान्स' हे शास्त्रीय नाव वापरावे, कारण 'पिहा' या नावाचे आणखीही काही पक्षी आहेत.

हाक ऐकताना तिचे दोन भाग वेगळे ओळखायला शिकावे. पहिला भाग म्हणजे खालच्या पट्टीतली गुरगुर. 'ग्रूऽ... ग्रूऽ' असा हा आवाज कोणी छातीतल्या छातीत कण्हावे तसा येतो आणि तो इतका हळू असतो की दुरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात तो ऐकूच येत नाही. दुसरा भाग म्हणजे 'पि-पी-योऽ' ही प्रसिद्ध किंकाळी. कधीकधी पक्षी नुसतीच गुरगुर करतो आणि किंकाळी देतच नाही. हा फरक नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे जंगलात अंतराचा अंदाज घेण्यासाठी हीच गुरगुर कामाला येणार आहे.

पावशाच्या हाकेत आपल्या शेतकऱ्याने 'पेरते व्हा' ऐकले, तसे ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या लोकांनीही पिहाच्या आवाजावरून आणि त्याच्या वावरावरून त्याला नावे दिली आहेत. ब्राझीलमध्ये तो 'क्रिक्रियो' आहे आणि फ्रेंच गयानात 'पायपायो'. ही दोन्ही नावे सरळ हाकेवरून आली आहेत. ब्राझीलमध्येच त्याला 'सेरिंगेइरो', म्हणजे रबराचा चीक गोळा करणारा, असेही म्हणतात. चीक काढण्यासाठी रानात एकट्याने हिंडणाऱ्या माणसाला दिवसभर सोबत याच आवाजाची. 'कपितांव-दो-मातो' या नावाला मात्र एक कडवट इतिहास आहे. शब्दशः अर्थ 'रानाचा कप्तान' असला, तरी गुलामगिरीच्या काळात पळून गेलेल्या गुलामांना जंगलातून हुडकून आणणाऱ्या माणसाला ब्राझीलमध्ये हेच नाव होते. व्हेनेझुएलात त्याला 'मिनेरो', म्हणजे खाणकामगार, म्हणतात. वाटाड्याशी बोलताना ही स्थानिक नावे वापरावीत. इंग्रजी नावाने जे काम होत नाही ते 'क्रिक्रियो' म्हटल्याने चटकन होते.

कान किती तयार झाला आहे हे तपासण्याची एक साधी रीत आहे. वर्षावनातल्या पहाटेचे एखादे लांबलचक, अनेक पक्ष्यांचे मिश्र ध्वनिमुद्रण दुसऱ्या खोलीत हळू आवाजात लावावे, आपण घरातले काम करीत राहावे आणि पिहाची हाक येताच बोट वर करावे. लक्ष दुसरीकडे असतानाही बोट आपोआप वर जाऊ लागले की हा टप्पा पूर्ण झाला.

दुसरा टप्पा: पक्ष्याची ओळख पक्की करा

पिहा हा कोतिंगा कुळातला पक्षी आहे. हे कुळ रंगांसाठी प्रसिद्ध आहे. झगमगत्या निळ्या रंगाचे कोतिंगा, केशरी तुऱ्याचा कॉक-ऑफ-द-रॉक आणि संपूर्ण पांढरा घंटापक्षी ही सारी याच कुळातली मंडळी. त्यांच्या शेजारी पिहा अगदीच साधा दिसतो. वरून राखाडी, खालून किंचित फिकट राखाडी, पंख आणि शेपटी थोडी गडद तपकिरीकडे झुकणारी. तुरा नाही, पट्टा नाही, ठिपका नाही. नर आणि मादी सारखेच दिसतात. कोवळ्या वयाच्या पक्ष्यांच्या पंखांवर तेवढ्या तांबूस कडा असतात. लांबी साधारण २५ ते २८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या साळुंकीहून किंचित जास्त. पण शेपटी लांब आणि अंग सडपातळ असल्याने वजनाला तो साळुंकीपेक्षा हलका, सुमारे ७५ ग्रॅमचा असतो.

नाव ठेवणाऱ्यांनी हे दोन्ही पैलू टिपले आहेत. 'व्होसिफेरान्स' म्हणजे ओरडणारा आणि 'लिपॉगस' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ प्रकाशहीन, अंधारा. मला हे नाव फार समर्पक वाटते, कारण पक्षी दिसत नाही आणि आवाज सोडत नाही, हा जंगलातला अनुभव त्यात नेमका उतरला आहे.

पिहाचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा १८२० मध्ये जर्मन निसर्गअभ्यासक माक्सिमिलियान त्सू व्हीड यांनी केले. १८१५ ते १८१७ या काळात त्यांनी ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याने प्रवास केला होता आणि पिहा त्यांना भेटला तो बाहियात, म्हणजे ॲमेझॉनपासून फार दूर. आज सगळे जग या पक्ष्याला ॲमेझॉनचा म्हणून ओळखत असले, तरी ब्राझीलच्या अटलांटिक किनारपट्टीच्या जंगलात, पेर्नांबुकोपासून एस्पिरितो सांतोपर्यंत, त्याची एक वेगळी, तुटलेली वस्ती आहे. तिथले बहुतेक जंगल उसाने, शेतीने आणि शहरांनी गिळले आहे, त्यामुळे पिहा उरलेल्या तुकड्यांपुरता राहिला आहे. जागतिक पातळीवर ही जात धोक्याबाहेर मानली जाते, कारण ॲमेझॉनमधला तिचा पसारा प्रचंड आहे: कोलंबिया, व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया आणि ब्राझील. 'धोक्याबाहेर' हा शिक्का किनाऱ्यावरच्या त्या तुकड्यांना लागू पडत नाही, हे अभ्यासकाने विसरू नये.

पिहासारखे दिसणारे दोन पक्षी नवख्याला चकवतात. एक म्हणजे 'ग्रेइश मॉर्नर', जो रंगाने जवळजवळ तसाच पण आकाराने लहान असतो. दुसरा 'सिनेरियस मॉर्नर', ज्याच्या पंखांवर तांबूस ठिपके असतात आणि म्हणूनच तो कोवळ्या पिहाशी घोटाळा करवतो. दोघांचेही आवाज पिहाहून पूर्णपणे वेगळे आहेत. नुसत्या दिसण्यावरून शंका राहिली तर नोंद अनिश्चित ठेवावी आणि पक्षी बोलण्याची वाट पाहावी. आवाजाच्या बाबतीत उलटी खबरदारी घ्यावी लागते. पश्चिम ॲमेझॉनमध्ये 'लॉरेन्सेस थ्रश' नावाचा एक कस्तूर राहतो, जो झाडाच्या उंच शेंड्यावरून डझनावारी पक्ष्यांच्या नकला एकामागून एक करतो. एकाच जागेवरून वेगवेगळ्या पाखरांच्या हाका भराभर येऊ लागल्या, तर त्या नकल्याची शक्यता आधी विचारात घ्यावी.

तिसरा टप्पा: ठिकाण, काळ आणि तयारी

पिहाला सखल भागातले, जुने, ओलसर जंगल लागते. पुराचे पाणी जिथे चढत नाही अशा कोरड्या उंचवट्यावरच्या जंगलाला ब्राझीलमध्ये 'तेरा फिर्मे' म्हणतात. पिहाचा मुख्य वावर तिथे असतो. समुद्रसपाटीपासून ५०० मीटरपर्यंतच्या जंगलात शोध घेतल्यास निराशा होत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने ब्राझीलमधले मनाउस शहर गाठावे असे मी सुचवीन. शहराच्या उत्तर-पूर्व कडेलाच आदोल्फो दुके हे सुमारे १०० चौरस किलोमीटरचे राखीव जंगल आहे आणि त्याच्या शहराकडच्या बाजूला 'मुसा' या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे ॲमेझॉन संग्रहालय आहे. तिथे ४२ मीटर उंचीचा निरीक्षण मनोरा आहे. पहाटे मनोऱ्यावर जरूर जावे, कारण झाडांच्या छतावरचे पोपट, टूकन आणि कोतिंगा तिथून दिसतात. पिहासाठी मात्र खाली उतरून पायवाटेनेच चालावे लागते. तो छताखाली, मधल्या थरात बसतो आणि मनोऱ्यावरून त्याचा फक्त आवाज वर येतो. पेरूमधले तांबोपाता, इक्वेडोरमधले यासुनी, गयानामधले इवोक्रामा आणि ब्राझीलमधल्या आल्ता फ्लोरेस्ता परिसरातले जंगल हीसुद्धा चांगली ठिकाणे आहेत.

काळाच्या बाबतीत पिहा उदार आहे. बहुतेक पक्षी सकाळी नऊनंतर थंडावतात आणि दुपारी जंगल मुके होते, तेव्हाही पिहाची हाक चालूच असते. वर्षाच्या बहुतेक महिन्यांत तो ऐकू येतो. तरीही मनाउसच्या बाजूला साधारण जून ते नोव्हेंबर या कमी पावसाच्या काळात गेल्यास वाटा चालण्याजोग्या असतात आणि ध्वनिमुद्रणात पावसाचा व्यत्यय कमी येतो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीकडे दुर्लक्ष करू नये. वर उल्लेखलेले सर्व देश पीतज्वराच्या क्षेत्रात येतात आणि तिथून परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे वैध प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होते, म्हणून प्रवासाच्या किमान महिनाभर आधी अधिकृत केंद्रावर वेळ ठरवावी. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांत अशी केंद्रे आहेत. वय साठच्या पुढे असेल किंवा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार असेल, तर लस घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. त्यांच्याशी हिवतापाच्या प्रतिबंधाबद्दलही त्याच भेटीत बोलून घ्यावे.

सामानात आठ पट दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्यावी. दहा पटीची दुर्बीण अंधुक उजेडात फारशी उपयोगी पडत नाही आणि हात हलला की चित्र थरथरते. पूर्ण बाह्यांचा फिकट शर्ट, लांब विजार, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि पायमोज्यांवर लावायचे कीटकरोधक मलम हे अत्यावश्यक समजावे. दुर्बीण व कॅमेरा ठेवण्यासाठी हवाबंद पिशवी आणि तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात, नाहीतर दमटपणामुळे भिंगाच्या आत बुरशी धरते.

चौथा टप्पा: आवाजाचा माग काढणे

हा सर्वांत अवघड आणि सर्वांत आनंदाचा टप्पा. आधी थोडे गणित समजून घेऊ, म्हणजे जंगलात कान फसवत असताना डोके ताळ्यावर राहील. पिहाच्या हाकेची तीव्रता एक मीटर अंतरावर सुमारे ११६ डेसिबल इतकी मोजली गेली आहे. मोकळ्या जागेत अंतर दहापट झाले की तीव्रता २० डेसिबलने घटते. म्हणजे १० मीटरवर ती ९६ आणि १०० मीटरवर ७६ राहील. जंगलात पाने आणि खोडे आणखी थोडी शोषून घेतात. तरी १०० मीटरवरून येणारा आवाज शेजारी कोणी मोठ्याने बोलावे तितका असू शकतो आणि नवखा निरीक्षक तिथेच थांबून डोक्यावरच्या फांद्या धुंडाळू लागतो. आवाज मोठा आहे म्हणजे पक्षी जवळ आहे, हे गृहीतक सर्वांत आधी सोडून द्यावे.

वाटेवर उभे राहून पहिल्यांदा पूर्ण पाच मिनिटे फक्त ऐकावे. पिहाचे नर एकेकटे नसतात, गटाने पण अंतर राखून बसतात. एकाने हाक दिली की दुसरा, मग तिसरा, अशी हाकांची लाट जंगलातून फिरते. या लाटेत सगळ्यांच्या मागे धावल्यास हाती कोणीच लागत नाही. त्यांतला सर्वांत स्पष्ट ऐकू येणारा एक नर निवडावा आणि बाकीच्यांकडे कानाडोळा करावा.

सोबत कोणी असल्यास दोघांनी वाटेवर वीस-तीस पावलांच्या अंतराने उभे राहावे, डोळे मिटावे आणि पुढची हाक येताच आवाजाच्या दिशेने हात ताणावा. डोळे उघडल्यावर दोन हातांच्या रेषा जिथे मिळतील, तिथे पक्षी आहे. एकटे असल्यास एका जागी दिशा ठरवून, वीस पावले चालून, दुसऱ्या जागी तीच कृती करावी. कान दोन्ही बाजूंनी सारखे काम करतात याची खात्री करण्यासाठी डोके थोडे डावी-उजवीकडे वळवून तीच हाक पुन्हा ऐकावी. आवाज नाकासमोर आला की दिशा बरोबर लागली.

मग त्या दिशेने हळूहळू सरकावे. पाऊल टाकायचे ते हाक चालू असताना, आणि हाकांच्या मधल्या शांततेत स्तब्ध उभे राहायचे. आधारासाठी खोडाला किंवा वेलीला हात लावण्यापूर्वी तिथे नीट पाहावे, कारण ॲमेझॉनमधल्या बुलेट मुंगीचा दंश दिवसभर ठणकतो. जमिनीवरच्या पानांत पाय ठेवण्यापूर्वीही पाहावे. तिथले अत्यंत विषारी साप पाचोळ्याच्याच रंगाचे असतात. वाट सोडायची असल्यास स्थानिक वाटाड्या पुढे आणि आपण मागे, हा नियम मोडू नये.

चालता चालता एका क्षणी किंकाळीच्या आधीची ती गुरगुर ऐकू येते. ती आली की थांबावे. ती फक्त जवळून ऐकू येते, म्हणजे पक्षी आता वीस-पंचवीस मीटरच्या आतच आहे. इथून पुढे एक पाऊलही न टाकता फक्त डोळ्यांनी शोधावे. नजर छताकडे नेऊ नये. जमिनीपासून पाच ते दहा मीटर उंचीवर, जिथे पाने विरळ आहेत आणि भोवती थोडी मोकळी जागा आहे, अशा बारीक, आडव्या, उघड्या फांद्या एकेक करून पाहाव्यात.

तो दिसतो तेव्हा काय दिसते हे आधी माहीत असलेले बरे. फांदीवर एक राखाडी पक्षी ताठ बसलेला असतो, इतका निश्चल की सुरुवातीला तो फांदीचाच फाटा वाटतो. गुरगुर सुरू होते तेव्हा चोच जवळजवळ मिटलेली असते आणि फक्त गळ्याची पिसे हलताना दिसतात. मग तो किंचित पुढे झुकतो, मान मागे टाकतो, चोच पूर्ण उघडतो आणि त्या एवढ्याशा देहातून तो आवाज बाहेर पडतो. हाक संपली की पुन्हा ताठ, पुन्हा स्तब्ध. पुढच्या शेजाऱ्याची हाक येईपर्यंत तो हलतही नाही. दुर्बिणीत चोच उघडलेली दिसणे आणि आवाज कानावर आदळणे एकाच वेळी घडते, तेव्हा इतका वेळ ज्याला जंगलाचा आवाज समजत होतो त्याला अखेर एक चेहरा मिळतो.

पाचवा टप्पा: वागणूक समजून नोंदी ठेवा

पक्षी दिसला म्हणून लगेच पुढे निघू नये. खरा अभ्यास इथून सुरू होतो आणि त्यासाठी किमान एक तास एकाच जागी बसण्याची तयारी ठेवावी.

पिहाचे नर जिथे जमतात त्या जागेला आपण आखाडा म्हणू. काही पक्ष्यांच्या आखाड्यात नर अगदी जवळजवळ बसून नाचतात आणि पिसारे दाखवतात. पिहाचा आखाडा विखुरलेला असतो. प्रत्येक नर शेजाऱ्यापासून कित्येक मीटर दूर, नजरेआड पण कानाच्या टप्प्यात बसतो. चार-पाच नरांचे आखाडे असतात, तसेच त्याहून पुष्कळ मोठेही. प्रत्येकाची ठरलेली जागा असते आणि दिवसाचा मोठा भाग तो तिथेच घालवतो; मध्येच फळे खाण्यासाठी जातो आणि परत येतो. कोतिंगांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या बार्बरा स्नो यांनी गयानामध्ये अशा नरांचे निरीक्षण करून ही दिनचर्या नोंदवली होती.

इतका वेळ नराला मिळतो कसा, याचे उत्तर त्याच्या आहारात आणि मादीच्या कष्टांत आहे. पिहा फळे आणि मोठे कीटक खातो. फांदीवरून झेप घेऊन, क्षणभर हवेत तरंगत, तो फळ तोडतो, आख्खे गिळतो आणि मोठी बी नंतर ओकून टाकतो, त्यामुळे बियांचा प्रसारही होतो. फळांचा साठा मुबलक असल्याने मादी एकटीने पिल्लू वाढवू शकते आणि नराची घरट्यात गरज उरत नाही, असे मानले जाते. घरटे मादी एकटीच बांधते. ते काड्या-तंतूंचे इतके लहान आणि विरळ असते की खालून पाहणाऱ्याला कुठेतरी अडकलेला कचराच वाटावा. त्यात ती एकच अंडे घालते. लहान घरटे शिकाऱ्याच्या नजरेत कमी भरते, हे त्यामागचे संभाव्य कारण. असे घरटे योगायोगाने सापडले तर दुरूनच नोंद करावी, फोटोसाठी पाने बाजूला सारू नयेत आणि त्या वाटेने पुन्हा जाऊ नये.

वहीत काय लिहावे? बसण्याच्या जागेचा जीपीएस बिंदू किंवा वाटेपासून पावलांत मोजलेले अंतर, फांदीची अंदाजे उंची, वेळ, आभाळ आणि पाऊस. त्यानंतर दहा-दहा मिनिटांचे भाग पाडून प्रत्येक भागात आपल्या नराने किती पूर्ण हाका दिल्या, किती वेळा नुसती गुरगुर करून सोडून दिली आणि किती वेळ तो जागेवर नव्हता, हे मोजावे. एकाच वेळी जास्तीत जास्त किती वेगळे नर ऐकू आले हा आकडाही लिहावा. कागदाच्या मध्यभागी स्वतःला एक ठिपका मानून भोवती त्यांच्या दिशा बाणांनी दाखवाव्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिथेच बसून नवा नकाशा काढावा आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरावेत. बाण पुन्हा जवळजवळ त्याच दिशांना पडलेले दिसले की 'ठरलेली जागा' म्हणजे काय, हे आपल्याच हाताने सिद्ध होते. नर-मादी सारखे दिसत असल्याने गप्प बसलेल्या पक्ष्याला केवळ अंदाजाने मादी लिहू नये. दुसरा पक्षी जवळ आला आणि गाणाऱ्याची वागणूक बदलली, तर जे दिसले तेवढेच लिहावे.

इथे पांढऱ्या घंटापक्ष्याचा उल्लेख करावा लागेल. मोजलेल्या पक्ष्यांत सर्वांत मोठ्या आवाजाचा मान अनेक वर्षे पिहाकडे होता. २०१९ मध्ये जेफ्री पोडोस आणि मनाउसच्या राष्ट्रीय ॲमेझॉन संशोधन संस्थेचे मारिओ कोन-हाफ्ट यांनी ब्राझीलच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात घंटापक्ष्याची हाक मोजली. ती १२५ डेसिबल भरली. नऊ डेसिबलचा फरक आकड्यात किरकोळ दिसतो, पण ध्वनिदाबाच्या हिशेबाने ती पिहाच्या जवळजवळ तिप्पट होते. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली: घंटापक्ष्याची हाक जितकी मोठी, तितकी ती लांबीला कमी. वजनाच्या बाजूने पाहिले तर घंटापक्षी पिहाच्या सुमारे तिप्पट भरतो, म्हणून विक्रम गेला तरी पिहाच्या गळ्याबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही.

सहावा टप्पा: ध्वनिमुद्रण

पिहाचे ध्वनिमुद्रण सोपे वाटते आणि हमखास फसते. कारण एकच: गुरगुर अतिशय हळू आणि किंकाळी अतिशय मोठी. गुरगुर ऐकू यावी म्हणून रेकॉर्डरचा गेन, म्हणजे आवाज उचलण्याची पातळी, वाढवला की किंकाळीच्या वेळी आवाज फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही. म्हणून गेन नेहमी किंकाळीच्या हिशेबाने ठरवावा. दोन-तीन हाका नुसत्या पाहून, सर्वांत मोठ्या क्षणी रेकॉर्डरवरचा मापक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतपत गेन खाली आणावा. आपोआप गेन बदलण्याची सोय बंदच ठेवावी, कारण ती दोन्ही भागांची तीव्रता सारखी करून हाकेचा मूळ स्वभाव पुसून टाकते. ३२ बिट फ्लोट पद्धतीने मुद्रण करणारा रेकॉर्डर असल्यास ही अडचण बरीच कमी होते.

फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवावी. एमपी३ मध्ये थेट मुद्रण केल्यास बारीक तपशील हरवतात. माइकवर फोमची टोपी असावी, हातात धरण्याऐवजी छोट्या तिपाईवर किंवा सॅकवर टेकवलेला असावा आणि मुद्रण चालू असताना रबरी बुटांची हालचालही टाळावी. एका नराच्या किमान दहा सलग हाका मिळेपर्यंत बटण बंद करू नये. नरानरांच्या हाकांत सूक्ष्म फरक अभ्यासकांना आढळले आहेत, आणि ते पडताळायचे तर प्रत्येक नराचे पुरेसे लांब, वेगवेगळे मुद्रण हाताशी असावे लागते. शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे अंतर आणि तो प्रत्यक्ष दिसला की नाही, हे सांगून मगच थांबावे. हे बोलके टिपण वहीपेक्षा विश्वासू असते, कारण ते फाइलपासून वेगळे होत नाही. रेकॉर्डर नसेल तर मोबाइलवरही मुद्रण करावे. पिहाचा आवाज इतका मोठा आहे की साधा फोनही तो बऱ्यापैकी पकडतो.

मुद्रित आवाज वाजवून पिहाला जवळ बोलावण्याचा मोह टाळावा. नराला आपल्या जागेत परका नर घुसल्यासारखे वाटते, तो गाणे सोडून शोधाशोध करू लागतो आणि आखाड्यातला त्याचा वेळ वाया जातो. पिहा बसल्या जागी गाणाराच पक्षी असल्याने तशी गरजही नसते. मनाउससारख्या, रोज पर्यटक येणाऱ्या ठिकाणी हे पथ्य अधिकच काटेकोर पाळावे.

रात्री मुक्कामावर आल्यावर फाइलींची दुसरी प्रत काढावी आणि प्रत्येक फाइलला तारीख, ठिकाण व क्रमांक असे नाव द्यावे. परतल्यावर आपली मुद्रणे झेनो-कँटोवर आणि ब्राझीलमधली असल्यास 'विकिआवेस' या ब्राझिलियन पक्षीसंकेतस्थळावरही चढवावीत. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरावी. चढवताना पार्श्वभूमीला ऐकू येणाऱ्या इतर ओळखीच्या पक्ष्यांची नावे जोडावीत, फाइलवर ध्वनीची गाळणी (फिल्टर) लावली असल्यास तसे लिहावे आणि पक्षी न दिसता फक्त ऐकला असेल तर त्या रकान्यात 'दिसला नाही' हेच नोंदवावे. एस्पिरितो सांतो किंवा बाहियाच्या किनारी जंगलातले मुद्रण असल्यास जंगलाच्या तुकड्याचे नाव आणि अंदाजे आकार आवर्जून लिहावा, कारण तिथल्या प्रत्येक तुकड्यात पिहा अजून गातो आहे की नाही, हे पुढच्या अभ्यासकाला अशाच नोंदींवरून ताडून पाहता येते.